वाघरीतलं काकण

मावशीची आणि माझी ओळख राखेत झाली. जत तालुक्यातल्या एका माळावर मी उकिडवी बसले होते. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात टेप, डोक्यावर टोपी आणि टोपीवर ओढणी. समोर तीन काळे पडलेले दगड आणि चार हात पसरलेली जुनी राख. सकाळपासून तीन माणसं येऊन "गुप्तधन घावलं का?" असं विचारून गेली होती. आई म्हणते, माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. त्या दिवशी ऊन लागून तो आणखी पुढे आला होता. त्यामुळे मागून चौथा आवाज आला, "काय हरिवलंय गं पोरी?" तेव्हा मी मागे न वळताच म्हटलं, "अक्कल."

"मग हितं न्हाई घावायची," आवाज म्हणाला. "ही माज्या चुलीची राख हाय."

मी वळले. पंचावन्नच्या आसपासची बाई. हातात काठी, खांद्यावर घोंगडं, हातभर हिरव्या बांगड्या, आणि चेहऱ्यावर असं हसू की माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. तिच्यामागे वीसेक मेंढरं उभी होती आणि तीही माझ्याकडेच बघत होती. त्यांना तिने कानडीत काहीतरी दरडावलं, तशी ती पांगली. पुढे मला कळलं की मावशी मेंढरांशी कानडीत भांडते आणि माणसांशी मराठीत. मेंढरं जास्त ऐकतात, असं तिचं म्हणणं.

मी तेव्हा पुरातत्त्व शिकत होते. आमच्या विषयात राजवाडे आणि देवळं सोपी असतात, कारण ती उभी असतात. अवघड असतात ती फिरती माणसं. मेंढपाळ, गुराखी, जी या माळांवर राजे-महाराजांच्या कितीतरी आधीपासून आहेत. ती भिंत बांधत नाहीत, पाया खणत नाहीत. उठून गेली की मागे उरतात तीन दगड, राख, खुंट्यांची भोकं आणि लेंड्यांचा थर. कर्नाटकात तर हजारो वर्षांपूर्वीच्या पशुपालकांच्या राखेच्या टेकड्याच आहेत. त्या राखेत कोण कुठे बसत होतं, बाईची जागा कुठली, पुरुषाची कुठली, हे कसं ओळखायचं? म्हणून आम्ही आजच्या माणसांचे नुकतेच सोडलेले तळ मोजतो, आणि तिथे राहिलेल्यांना विचारतो. इथलं कळलं तर तिथलं थोडंफार कळेल, अशी आशा.

विचारायचं काम मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आधी सगळा नकाशा आपल्या हुशारीने पुरा करायचा आणि मग लोकांकडून त्यावर मान डोलावून घ्यायची, असा बेत होता. माझ्याकडे एक पेन्सिल होती, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. शाळेत बाई वह्या तपासायला वापरायच्या तसली. लाल म्हणजे बायकांची जागा, निळी म्हणजे पुरुषांची. चूल लाल, पालाची आतली बाजू लाल. मेंढरांची वाघर, म्हणजे खुंट्या ठोकून जाळीचा जो कोंडवाडा करतात तो, निळी. घोडी बांधायची जागा निळी. चुलीपासून दहा पावलांवर एक सपाट दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. तिथून सगळा तळ दिसत होता. तो तर मी ठसठशीत निळा केला आणि बाजूला लिहिलं, 'प्रमुखाचे बसण्याचे ठिकाण'.

मावशी माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "दाव बगू." मी कागद तिच्यापुढे धरला. मला वाटलं होतं, नकाशा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागेल. तिने कागद एकदा फिरवला, वारा कुठून येतो ते बघितलं आणि बोट ठेवत गेली. "ही चूल. ही वाघर. हितं घोडं. ह्यो माजा दगूड."

"तुमचा?"

"मग कुणाचा? हितनं कोकरं दिसत्यात."

मी प्रमुख खोडला. पण माझ्याकडे अजून हुकमाचं पान होतं. काचेच्या बांगडीचे दोन तुकडे सापडले होते. एक चुलीजवळ, लालसर. त्याच्यावर मी फार खूश होते, कारण चुलीजवळ बांगडी म्हणजे चुलीजवळ बाई, सरळ हिशेब. दुसरा हिरवा, तो मिळाला वाघरीत, लेंड्यांच्या थरात. तो मला अडचणीचा होता. म्हणून मी वहीत लिहिलं होतं, 'मेंढरांच्या खुरांनी मूळ जागेवरून सरकलेला'. दोन्ही तुकडे मी पाकिटातून काढून तिच्या तळहातावर ठेवले आणि माझा तर्क ऐकवला.

ती इतकी हसली की तिचं घोंगडं खांद्यावरून खाली आलं.

"खुरानं सरकलं? आगं, त्ये माजं काकण हाय! मेंढी अडली हुती. कोकरू आडवं आलेलं. भर दुपारी हितं वाघरीत बसून हात घालून फिरिवलं, तवा तिनं लाथ हाणली आन् काकण वाढलं." बांगडी फुटली असं ती म्हणाली नाही. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते.

"आणि चुलीजवळचा?"

तिने लाल तुकडा उन्हात धरून बघितला. "ह्यो माजा न्हवंच. मी कवा लाल घातलं न्हाई. पोरींनी खेळाय आणला आसंल कुठनं तरी."

म्हणजे ज्या तुकड्यावर मी विश्वास ठेवला तो उपरा निघाला, आणि ज्याला मी हाकललं तो आपल्या जागी होता. मला राग यायला हवा होता, पण मीही हसायला लागले. मावशीने विचारलं, "ह्ये तांबडं आन् निळं काय?" मी सांगितलं. तिने पेन्सिल हातात घेऊन दोन्ही टोकं बघितली आणि परत दिली.

"मग समदंच तांबडं कर की."

"आणि पुरुष?"

"त्ये मेंढरामागं. तळावर निस्तं जेवाय येत्यात." मग न्यायाने वागल्यासारखं म्हणाली, "माजा मालक भाकरी लय ग्वाड करतो. पर चुलीला हात लावताना इचारतो."

त्या दिवसापासून चार-पाच वर्षं मी मावशीच्या मागे होते. दिवाळीनंतर त्यांचं बिऱ्हाड पश्चिमेला निघायचं, कृष्णेच्या काठाला, उसाच्या मुलखात. तिथले शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, खतासाठी. वैशाखात परत यायचं. मी सुट्ट्या काढून त्यांच्या तळावर जायचे. तिथे मी पहिल्यांदा बघितलं की तळ कसा पडतो. पुरुष मेंढरं घेऊन लांबच्या वाटेने येतात. बायका घोड्यांवर संसार लादून आधी पोचतात. थोरली बाई रानात फिरते, वाऱ्याला पाठ देऊन एके ठिकाणी बसते आणि बसल्या बसल्या चारी बाजूला बघते. उठते, चार पावलं सरकते, परत बसते. मन भरलं की तिथे तीन दगड मांडते. मग त्या दगडांवरून वाघर ठरते, वाघरीवरून घोडी, घोड्यांवरून पाल. जिथून कोकरं दिसत नाहीत तिथे चूल नाही. पुरुष येतात तेव्हा खुंट्या ठोकायच्या जागा त्यांना दाखवल्या जातात आणि ते मुकाट ठोकतात.

मी हे लिहून आमच्या सरांना दाखवलं. सर भले माणूस, पण ते म्हणाले, "एका बाईच्या सांगण्यावरून एवढं?" मी म्हटलं, "सर, आतापर्यंत एकाही बाईच्या सांगण्याशिवाय लिहिलंय, त्यापेक्षा एक जास्त आहे." आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, आणखी चार तळ मोजून ये. मी अकरा मोजून आले.

पहिल्याच वर्षी मावशीने मला विचारलं होतं, तू कुठली? मी म्हटलं, इस्लामपूरची, गावाबाहेर मळ्यात घर आहे. तिने विहीर विचारली, बांधावरची चिंच विचारली. मग तिच्या लक्षात आलं. "आगं, त्या रानात आमी दर साली बसतोय की! तुजा बा मिल्ट्रीतला न्हवं का? धान्य मापून देताना लेफ्ट-राइट करतोय?"

माझेच वडील. फौजेतून येऊन पंधरा वर्षं झाली तरी ते पेंढ्यासुद्धा रांगेत लावतात.

"मालक लय चांगला हाय," मावशी म्हणाली. "पर तुजी आई कवा दिसली न्हाई. इतकी वर्सं बसतोय, एक डाव न्हाई."

घरी जाऊन मी आईला हे सांगितलं. आई ओट्यापाशी होती. आमचं स्वयंपाकघर घराच्या अगदी मागे. पुढे पडवी, तिथे वडिलांची खुर्ची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खुर्च्या, मग मोठी खोली, मग माजघर, मग आई. ओट्यावर खिडकी होती, पण मी लहान असताना वडिलांनी तिच्याबाहेर सिमेंटची पाण्याची टाकी बांधली. तेव्हापासून खिडकीतून टाकी दिसते. आई तिथे ओली फडकी वाळत घालते. मावशीचं बोलणं ऐकून आई म्हणाली, "मला बी त्या न्हाई दिसल्या. मेंढरांचा आवाज मात्र यायचा. दोनशे हात लांब आसतील." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून गॅस बारीक केला.

पुढे माझी पदवी झाली, नोकरी लागली. मावशीच्या गावाला कालव्याचं पाणी आलं. तिच्या थोरल्या मुलाने मका केला, गवत केलं आणि ठरवलं की आता आपल्या रानात पक्कं घर बांधायचं. कारण साधं होतं. मावशीचा डावा गुडघा गेला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता ही चाल बंद, नाहीतर एक दिवस रस्त्यातच बसाल आणि उठणार नाही. ती म्हणाली, ह्या साली जाऊन येते, मग बघू. आणि गेली, त्याच गुडघ्यावर, सत्तर मेंढरांमागे.

ती तिकडे असताना तिच्या थोरल्याचा मला फोन आला. "ताई, तुमी नकाशे काढता न्हवं? आमच्या घराचा एक काढा की. आईसाठीच बांधतोय."

"आईला विचारलंस?"

"तिला काय कळतंय कागदातलं?"

इथे मी त्याला फैलावर घ्यायला हवं होतं. तिला कागदातलं काय कळतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मी फुशारले. एका रविवारी आलेख कागद घेऊन बसले आणि झकास नकाशा काढला. रस्त्याकडे हॉल, बाजूला दोन खोल्या, न्हाणी. मागे स्वयंपाकघर, ओट्यावर खिडकी मागच्या बांधाकडे. पूर्वेच्या भिंतीला डब्यांची मांडणी, जमिनीपासून छतापर्यंत. मेंढरांची वाघर पूर्वेला पन्नास पावलांवर, वास येऊ नये म्हणून. मेंढरांचा वास मावशीला येऊ नये म्हणून! हे मी लिहिलं. ज्या बाईने शिकवलेल्यावर मी प्रबंधाची तीन प्रकरणं लिहून पदवी घेतली, त्याच बाईचं घर काढताना माझा हात आपोआप आमच्या इस्लामपूरच्या घरावरून फिरत गेला, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. थोरल्याने फोटो बघून लिहिलं, 'लय भारी'. आणि गवंडी लावला.

अक्षय तृतीयेला घरभरणी होती. आई म्हणाली, मी पण येते. तिला मावशीला बघायचं होतं. वडिलांनी गाडीत कणसं, गूळ आणि एक साडी ठेवली, तीही नीट रांगेत.

मावशी आदल्या दिवशीच चालून आली होती. गुडघा सुजून भाकरीएवढा झाला होता. दोघी दारात भेटल्या. आई म्हणाली, "अक्का, मी त्या मळ्यातली." मावशी तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "घावलीस व्हय एकदाची." दोघींनी हात धरले ते बराच वेळ सोडले नाहीत.

पूजा झाली, जेवणं झाली. थोरल्याने कासारणीला बोलावलं होतं, तिने दोघींना हिरव्या बांगड्या भरल्या. मग तो मावशीला घर दाखवायला घेऊन निघाला, पुढे तो, मागे मावशी लंगडत, मागे माझी आई, मागे मी. त्याने हॉल दाखवला, पंखा लावून दाखवला. स्वयंपाकघरात फरशी, टाइल्स, गॅस. ओट्यापुढे त्याने मावशीसाठी खास एक उंच स्टूल आणलं होतं, उभं राहायला नको म्हणून. मला ते पोरगं फार गोड वाटलं. मावशी त्या स्टुलावर बसली. समोरच्या खिडकीतून बघितलं. बांध होता आणि बांधावर बाभळ. तिने उजवीकडे बघितलं, तिथे डबे. डावीकडे भिंत.

"लय झ्याक," ती म्हणाली, आणि उठून बाहेर गेली.

अर्धा तास झाला तरी ती आली नाही. मी शोधत गेले, तर पन्नास पावलांवर वाघरीच्या कडेला एका दगडावर बसली होती, भर उन्हात, सुजलेला पाय लांब करून. थोरला मागून आला. त्याचा चेहरा पडला होता. "आये, आत पंखा हाय, चल की."

"मी दिवाळीला मेंढरामागं जाणार हाय," मावशी म्हणाली.

"पायाचं काय? डाक्टर काय म्हनला?"

"डाक्टरला म्हनावं तू बस त्या खोलीत." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आरं, तितं बसलं की मला कायबी दिसत न्हाई. कोकरू वराडलं तर कुठलं वराडलं कळत न्हाई. डोळं असून आंधळी केलीस मला."

तो रडवेला झाला. त्याची काय चूक? त्याने विचारलं ते मला, आणि जे मला माहीत होतं ते प्रबंधात बांधून मी कपाटात ठेवलं होतं, सोनेरी अक्षरांत. मी म्हटलं, "मावशी, नकाशा मी काढला."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुजाच हात वळखला. तवा राखंत चुकलीस, आता शिमिटात."

मला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. राखेतली चूक रबराने खोडता येत होती. ह्या चुकीत तिला उरलेला सगळा जन्म काढायचा होता, नाहीतर त्या गुडघ्यावर चालत निघायचं होतं. तिसरी वाट मीच ठेवली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी टेप चाचपत राहिले.

आई आमच्या मागे आली नव्हती. आम्ही घरात परतलो तेव्हा ती अजून स्वयंपाकघरात उभी होती, पूर्वेच्या मांडणीसमोर. तिने सगळे डबे उतरवून खाली ठेवले होते. दुसऱ्याच्या घरात, घरभरणीच्या दिवशी. माझी आई, जी आपल्याच घरात पंगत उठल्याशिवाय पडवीत पाऊल टाकत नाही.

"अक्का, हिकडं या," आई म्हणाली. "ह्या भिंतीमागं काय हाय?"

"वाघर," मावशी म्हणाली.

"मग हितं बसा. खाली बसा, स्टुलावर नगं. चुलीपुढं बसल्यावानी बसा."

मावशी भिंत धरून हळूहळू फरशीवर बसली. आईने पूजेच्या ताटातलं कुंकू ओलं केलं. "इतनं दिसाय पायजे? का जरा हिकडनं?" मावशी सरकली, परत बसली. वारा कुठून येतो ते विचारलं. "हितनं," ती म्हणाली. आईने भिंतीवर चार ठिपके दिले, दोन खाली, दोन वर, हाताच्या वितीने मोजून. टेप माझ्या हातात होता, तो कुणी मागितला नाही.

"दार काढ हितं," आई थोरल्याला म्हणाली. "आन् बाहेर पायरीला लागून कट्टा. वाघर पंधरा पावलांवर आण."

"आवं काकू, आज घरभरणी, आन् आजच भित फोडायची? लोक काय म्हनत्याल?"

उत्तर मावशीने दिलं. "तळ रोज मोडतोय की रं आपण. मोडल्याबिगर नवा पडतोय व्हय?"

आई कुंकवाचा हात पुसत होती. मी हळूच म्हटलं, "आई, तुला हे कसं सुचलं?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वीस वर्सं टाकी बघतीया. भिंतीमागं काय आसंल ह्ये मला न्हाई सुचायचं तर कुणाला?"

परतताना गाडीत आई माझ्या शेजारी होती. मी इतक्या ठिकाणच्या बायकांना विचारलं होतं की तुमची बसायची जागा कुठली. हिला कधी विचारलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी आठ दिवस आम्ही दोघी परत गेलो. कळप निघायचा होता आणि मावशी जाते की राहते, हे मला फोनवर विचारायचा धीर होत नव्हता. गेलो तर अंगणात घोडी लादलेली. मग घराला वळसा घालून पूर्वेला आलो. चार ठिपक्यांच्या जागी दार होतं. बाहेर मातीचा कट्टा, वर पत्रा, कट्ट्यावर तीन दगड आणि दगडांमागे मावशी, पाठ वाऱ्याला. पंधरा पावलांवर वाघरीत लहान कोकरं, दोन लंगड्या मेंढ्या आणि चार गाभण. आतल्या गॅसवर तिची सून स्वयंपाक करत होती आणि मधूनमधून दारातून विचारत होती, "आत्ती, मीठ किती?"

"मोठी खांड, चालती मेंढरं समदी, मालक आन् थोरला नेतोय," मावशी म्हणाली. "ह्यांचं हितं कोण बघंल? मी ऱ्हातीया."

तिने ते इतक्या सहज सांगितलं की मी कट्ट्यावर बसून रडलेच. तिने मला रडू दिलं आणि मग चहा टाकला, चुलीवर, धुराचा.

चहा झाल्यावर सवयीने मी टेप काढला. कट्टा मोजला, दारापासूनचं अंतर मोजलं. मावशी बघत होती. तिने पदराच्या गाठीतून काहीतरी सोडवलं. बांगड्यांचे तुकडे होते, हिरवे. दिवाळीच्या नव्या भरताना जुन्या वाढवल्या होत्या.

"तुज्यावानी कुणीतरी येडं पुढं येनारच न्हवं, उकरत?"

"येईल की. हजार वर्षांनी."

"मग त्याला कळाय पायजे, हितं कोण बसत हुतं."

मला फार आनंद झाला. मी म्हटलं, "मग चुलीपाशी पुरूया, मावशी. दगडाखाली. बरोबर सापडेल."

"चुलीपाशी कशाला?" ती म्हणाली. "तितं तर तुमी मला आपनहून घालताय. वाघरीत टाक."

ती काठी टेकत उठली. आम्ही तिघी वाघरीपर्यंत गेलो, पंधरा पावलं, मी मोजली. तिने जाळी उचलली, कोकरं तिच्या पायांत आली, आणि तिने ज्वारी पेरावी तसे तुकडे लेंड्यांत सोडले. एक एक, लांब लांब. मग पायाने दाबले, कोकराला टोचू नयेत म्हणून. आईने हात पुढे केला. "अक्का, एक मला द्या." मावशीने सगळ्यांत मोठा निवडून दिला.

संध्याकाळी इस्लामपूरला पोचलो. आमच्याकडे आई नेहमी गाडीतून उतरली की बाजूच्या बोळातून मागच्या दाराने आत जाते, कारण पडवीत कुणी ना कुणी बसलेलं असतं. त्या दिवशी वडील आणि शेजारच्या मळ्यातले एक काका बसले होते. आई पुढून आली. पडवीच्या पायरीशी वाकली, खांबाच्या बुडाशी बोटाने माती उकरली आणि तुकडा आत दाबला.

"काय गं ते?" वडिलांनी विचारलं.

"काय न्हाई," आई म्हणाली. "हजार वर्सांनी कळंल." आणि वडिलांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

वडिलांनी काकांकडे बघितलं, काकांनी चिंचेकडे. मग वडिलांनी चहाच्या आशेने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मावशीचा मालक भाकरीसुद्धा गोड करतो, अप्पा." ते सावधान झाल्यासारखे उठले, आत गेले, आणि आतून त्यांचा आवाज आला, "चहाची पूड कुठल्या डब्यात असते?"

आईने बसल्या जागेवरून सांगितलं. चहा आला तो पाकासारखा गोड होता आणि अर्धा बशीत सांडलेला. आई रस्त्याकडे बघत शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.